कद मोठं कोणाचं?

आमच्या योगेंद्रला चहा द्यावा, पण कसा झालाय म्हणून विचारू नये. "छान" म्हणून सुटणाऱ्यातला तो नाही. कालच्यापेक्षा छान की टपरीवरच्यापेक्षा, हे त्याला आधी ठरवायला लागतं. तोवर चहा गार होतो, आणि मग म्हणतो, आता सांगता येणार नाही, आता चहाच बदलला. मागे त्याच्यासाठी मुलगी बघायला गेलो होतो. मुलीच्या वडिलांनी साधं विचारलं, कॉलेजात कायम होणार ना? दुसरा कोणी असता तर हो म्हणून मोकळा झाला असता. हा म्हणाला, "शक्यता आहे, पण पुरावा नाही." येताना रिक्षात मी त्याला इतकं चिडवलं की रिक्षावालासुद्धा मागे वळून हसायला लागला. स्थळ गेलं ते गेलंच.

मी त्याची आत्या, आणि सुरतच्या डिंडोलीत त्याच्या समोरच्याच बिल्डिंगमध्ये राहते. म्हणजे त्याची चेष्टा करायचा हक्क माझा. त्याचे वडील छगन, माझा थोरला भाऊ, पारोळ्याकडून सुरतेला आला आणि लूमवर लागला. त्या खडखडाटात जन्म काढल्यामुळे आता त्याला ऐकू कमी येतं, आणि जे येतं ते सोयीनं येतं. कलावहिनीनं घरी बसून साड्यांचे धागे कापले, पोराला शिकवलं. वहिनी अजून अहिराणीच बोलते. तिची गुजराती भाजीवाल्यापुरती, पण तेवढ्यात तिच्यापुढे भाजीवाला टिकत नाही.

योगेंद्र महापालिकेच्या मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकला. अकरावीला विज्ञान घेतलं, ते गुजराती माध्यमात. पुढे एम.एस्सी. झाला, बरीच वर्षं ट्यूशन घेतल्या, आणि शेवटी उधन्याकडच्या एका कॉलेजात लागला. कॉलेजचं नाव सांगत नाही, आम्हाला अजून तिकडे तोंड दाखवायचंय. तिथं आता नव्या शैक्षणिक धोरणात बी.ए., बी.कॉम.च्या पोरांनाही पहिल्या वर्षी थोडं विज्ञान शिकावं लागतं. तो विषय याच्याकडे आला. रोजच्या जगण्यातलं विज्ञान असं काहीतरी नाव आहे. पण नोकरी एका वर्षाच्या करारावर. प्राचार्य जागृतीबेननी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं, की ट्रस्टींना हा विषय म्हणजे नुसता खर्च वाटतो. पोरांना यातून काही येतं असं दाखवलंत तर विषय राहील, आणि तुम्हीही राहाल. नाहीतर त्याच तासांना मोबाइलवरून माल कसा विकायचा त्याचा कोर्स तयारच आहे.

आता दाखवायचं म्हणजे काय? बाकीचे सर वर्षाच्या शेवटी परीक्षा घेतात आणि निकाल दाखवतात. आमच्या शहाण्याला ते पटेना. म्हणे, शेवटी पास झाला म्हणजे इथं शिकला कशावरून? आधीच येत असेल तर? म्हणून त्यानं एक पेपर काढला आणि शिकवायच्या आधीच, पहिल्याच आठवड्यात पोरांपुढे ठेवला. मार्कांसाठी नाही, नुसता बघायला. प्रश्न साधे, खुणा करायचे, चित्रं सुद्धा. उत्तरं सांगितली नाहीत. सहामाही संपली की तोच पेपर परत द्यायचा, आणि दोन्हींत फरक किती पडला ते मोजायचं. जेवढा फरक पडेल तेवढीच आपली कमाई. मला हे सांगताना इतका खूश होता की वाटलं, हा पेपरशीच लग्न करतो की काय.

पेपर गुजरातीत होता. साहजिक आहे, वर्गात गुजराती माध्यमाची पोरं जास्त. पण डिंडोलीची, गोडादऱ्याची, मराठी शाळांतून आलेली पोरंही भरपूर. ती गुजराती घडाघडा बोलतात, गुजरातीतच भांडतात, लिपीही वाचतात. त्यामुळे यात काही अडचण असेल असं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. याच्या तर नाहीच.

पहिला पेपर झाला आणि आमच्या मराठी पोरांनी अगदी नाक कापलं. गुजराती माध्यमाची पोरं निम्म्याच्या बरीच पुढे, आमची पाव पेपरावर अडकलेली. योगेंद्रला ते फार लागलं. घरी येऊन दोन दिवस नीट जेवला नाही. छगन म्हणाला, त्याला पगार नाही का मिळाला? वहिनीनं ओरडून सांगितलं, पगार मिळाला, पोरांना मार्क नाही मिळाले. छगन म्हणाला, मग पोरांनी उपाशी राहावं, हा कशाला राहतोय.

मग यानं काय करावं? त्या पोरांसाठी सकाळी सातचा जादा वर्ग काढला. मनापासून काढला, फुकट शिकवायचा. पण स्टाफरूममध्ये कोणीतरी त्याला कच्च्यांचा वर्ग म्हटलं, आणि ते नाव कॉलेजभर झालं. आमच्या गल्लीतली योगिता त्याच वर्गात. हुशार, तिखट पोरगी, घरी आईबरोबर साड्यांना लेस लावते. तिच्या वडिलांच्या कानावर ते नाव गेलं, तर ते म्हणाले, कच्चीच आहेस तर घरी बसून लेस लाव, तेवढी मदत तरी होईल. तिनं कशीबशी सहा महिन्यांची मुदत मागून घेतली. सकाळी सातला ती माझ्या खिडकीखालून जायची तेव्हा मान वर करायची नाही. एरवी मला हाक मारल्याशिवाय न जाणारी पोर.

सहामाही संपली. तोच पेपर परत दिला. आणि काय सांगू, मराठी पोरांनी उडी मारली. पावावरून थेट पाऊणवर. गुजराती पोरं वाढली, पण थोडी. आमची पोरं त्यांच्या पुढे गेली. जागृतीबेननी योगेंद्रला केबिनमध्ये बोलावून स्वतःच्या हातानं चहा ओतून दिला. म्हणाल्या, हा तक्ता मोठ्या अक्षरात छापून आणा, पुढच्या महिन्यात ट्रस्टींची मीटिंग आहे. सगळ्यात मागची पोरं सगळ्यात पुढे गेली, आणखी काय पाहिजे? करार पुढे गेला म्हणून समजा.

त्या रविवारी सकाळी हा नाश्त्याला सुरती लोचो घेऊन आला. गरम, वर शेव, वर बटर. मीही बोलावल्यासारखी तिथं पोचले. स्वारी खुशीत होती. आणि खुशीत आलेला मास्तर काय करतो? परीक्षा घेतो. पेपर काढून वहिनीपुढे धरला. चित्रात एक उंच, सडपातळ लोटा आणि एक बसकं, रुंद पातेलं. खालचा प्रश्न त्यानं गुजरातीतून वाचून दाखवला, "कया पात्रनुं कद वधारे छे?" म्हणजे, कुठल्या भांड्याचं कद जास्त आहे?

वहिनीनं चष्मा न लावताच सांगितलं, लोट्याचं.

योगेंद्र हसला. माझ्याकडे बघून म्हणाला, बघ आत्या, इथंच सगळे चुकतात. उंच दिसलं की लोकांना वाटतं त्यात जास्त मावतं. मग वहिनीला समजावल्यासारखं विचारलं, की आई, नीट बघ, पाणी कशात जास्त बसेल?

वहिनी त्याच्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "पानी ते पातेलामा जास्त माई. हाई काय इचारानं ऱ्हास?"

"मग लोटा का म्हणालीस?"

"तू कद इचारा, मी कद सांगा. तुना बायोडाटामा लिखेल नही का, कद पाच फूट चार इंच?"

मी तर लोचोसकट हसले. खरंच होतं ते. समाजाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याचा बायोडाटा फिरतो, हिंदीतला नमुना उचललेला, त्यात उंचीच्या जागी कद. आम्ही डिंडोलीवाले अर्धे हिंदीत जगतो. कद म्हणजे उंची, लहान पोरही सांगेल. मी म्हटलं, अरे, तुझ्या कदानं तुला दोनदा गोत्यात आणलं, एकदा स्थळं शोधताना आणि एकदा पेपरात.

पण तो हसला नाही. हातातला चमचा तसाच राहिला. मला वाटलं, उंचीवरून बोलले म्हणून रागावला. तसं नव्हतं. पेपर जवळ ओढून म्हणाला, की आत्या, गुजरातीच्या विज्ञानाच्या पुस्तकात कद म्हणजे आकारमान. किती जागा व्यापली ते. आणि दळ म्हणजे वस्तुमान. हे रस्त्यावरचे शब्द नाहीत, शाळेतले आहेत. गुजराती शाळेतल्या पोरांना पाठ असतात. आपली पोरं आकारमान, वस्तुमान शिकलेली. त्यांना हे कळणारच कसं?

मग तो जे म्हणाला ते मात्र माझ्या जिवाला लागलं. म्हणाला, अकरावीत मी स्वतः महिनाभर दळ म्हणजे काय या गोंधळात होतो. लाजेनं कोणाला विचारलं नाही. आणि पेपर काढताना मला त्याची आठवणसुद्धा झाली नाही.

लोचो तसाच राहिला. म्हणजे त्याचा राहिला. आम्ही आमचा संपवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं योगिताला आमच्या घरी बोलावलं. तिला वाटलं, पास झालेलं परत नापास करतात की काय. मी तिला चहा दिला, खारी दिली. यानं तिचा पहिला पेपर समोर ठेवला, तो सहा महिन्यांपूर्वीचा. दगड चंद्रावर नेला तर त्याचं दळ बदलेल का, असा प्रश्न. उत्तर, बदलत नाही. दगड तिथं हलका होतो, पण त्यातला ऐवज तेवढाच राहतो. योगितानं बदलेल या खुणेवर टिक केली होती.

यानं विचारलं, "तेव्हा असं का लिहिलंस?"

ती चहात खारी बुडवत राहिली. मी म्हटलं, बोल गं, हा कॉलेजात सर, इथं माझा भाचा आहे. मग म्हणाली, "सर, हसू नका. मला वाटलं दगड म्हणजे जात्याचा दगड. तो चंद्रावर नेला तर दळण नीट होईल का, असं विचारलंय."

"बरं. मग बदलेल कसं?"

"चंद्रावर वस्तू हलक्या होतात ना सर. वरचा दगड हलका झाला की दाणा कसा भरडणार? जाडंभरडं पीठ पडेल."

योगेंद्र खुर्चीत मागे टेकला. मला काय कळणार त्यातलं, म्हणून मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्यानंच मग सांगितलं. वजन कमी होतं हे तिला आधीपासून पक्कं माहीत होतं. उलट पेपरात विचारलं होतं त्याच्यापुढचा विचार तिनं केला होता. आणि त्याबद्दल तिला शून्य देऊन यानंच तिला सकाळी सातला बोलावलं होतं.

पण एकट्या योगितावरून ठरवेल तर तो योगेंद्र कसला. त्याला पुरावा पाहिजे. वर्गातल्या पोरांना परत विचारून उपयोग नव्हता, त्यांना आता शब्द कळले होते. त्याला नवी पोरं हवी होती, मराठी शाळेतून आलेली, अजून कॉलेजात न गेलेली. ती कुठून आणायची? मग आत्या कशाला आहे? बारावी होऊन घरी लोळणारी पोरं आमच्या सोसायटीत आणि आजूबाजूला रगड होती. मी आलुपुरीचं आमिष दाखवलं आणि पार्किंगमध्ये सतरंज्या घालून बसवली सगळ्यांना. निम्म्यांना जुनाच पेपर. निम्म्यांना तोच पेपर, तीच चित्रं, लिपीही तीच, फक्त कदच्या जागी आकारमान आणि दळच्या जागी वस्तुमान. कोणाला कुठला द्यायचा ते यानं चिठ्ठ्या टाकून ठरवलं. मी म्हटलं, आमच्या शेजारच्या राघोच्या नातवाला चांगला पेपर दे. तर माझ्यावरच डोळे वटारले.

निकाल तुम्हाला कळलाच असेल. जुना पेपर मिळालेली पोरं पावावर अडकली. दुसरी, काहीही न शिकता, पाऊणच्या जवळ पोचली. याच्या सहा महिन्यांच्या शिकवण्यानंतर वर्गातली पोरं जिथं पोचली होती, जवळजवळ तिथं. म्हणजे ती मोठी उडी विज्ञानाची नव्हतीच. दोन शब्दांची होती. खरी कमाई काढायची तर जेमतेम चिमूटभर.

संध्याकाळी मी त्याला सरळ सांगितलं. म्हटलं, हे बघ, तू कोणाचं काही चोरलेलं नाहीस. आधीचे मार्क खरे, नंतरचे खरे, तक्ता खरा. करार होऊ दे. पुढच्या वर्षी पेपर बदल. वहिनीनंही मान हलवली. छगनला ऐकू आलं नाही, पण तोही मान हलवत होता. योगेंद्र म्हणाला, "आत्या, तो तक्ता तसाच ट्रस्टींपुढे गेला तर दरवर्षी आपली पोरं कच्ची म्हणूनच आत येतील. आणि मी त्यांना पक्की केली म्हणून मिरवीन."

मी उठून त्याला चहा टाकला. कसा झालाय म्हणून विचारलं नाही.

जागृतीबेनना त्यानं सगळं सांगितलं. त्या ऐकून वैतागल्या. म्हणाल्या, "परिणाम तो सारुं छे, तो तकलीफ शुं छे?" निकाल चांगला आलाय, मग अडचण कसली? यानं परत पहिल्यापासून समजावलं. त्या बाई वाईट नाहीत हो. त्यांनी डोकं धरलं आणि म्हणाल्या, मीटिंगमध्ये तुम्हीच बोला, मी तुमच्या बाजूनं नाही आणि विरुद्धही नाही.

मीटिंगमध्ये यानं दोन्ही तक्ते ठेवले. कापडाचे व्यापारी असलेले एक म्हातारे ट्रस्टी होते. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, की थोडक्यात सांगा, तुमच्या शिकवण्यानं पोरांना जास्त येतं की नाही? हो म्हटलं असतं तर निभावलं असतं. हा म्हणाला, यंदा सांगता येत नाही, पेपरच चुकीचा होता. बरोबर पेपर घेऊन एक वर्ष द्या, मग सांगतो.

ट्रस्टी हसले म्हणे. व्यापाऱ्याला असला माणूस रोज भेटत नसेल. एक वर्ष दिलं, पण अर्धं दिलं. दोन वर्गांतला एक काढून घेतला, तिथं तो मोबाइलवर माल विकायचा कोर्स आला. याचे तास निम्मे झाले, पगारही त्याच मानानं. संध्याकाळच्या ट्यूशन परत सुरू झाल्या. वहिनीनं दोन दिवस तोंड फुगवलं आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या आवडीची शेवभाजी केली.

मग तो वर्गात गेला आणि सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं. हे मला योगितानं सांगितलं, तो स्वतः कधी सांगायचा नाही. म्हणाला, सकाळच्या वर्गातली पोरं कच्ची नव्हती, माझा पेपर कच्चा होता. मग योगिता मागच्या बाकावरून म्हणाली, "सर, मग तुमच्यासाठी सकाळी सातला जादा वर्ग लावायचा का?" सगळा वर्ग हसला, गुजराती पोरंसुद्धा. हा म्हणाला, लावा, मी येईन.

त्याच आठवड्यात तो योगिताच्या घरी गेला. तिच्या वडिलांपुढे खाली बसला आणि आपली चूक सांगितली. ते बिचारे संकोचले, सरांनी असं बोलू नये म्हणाले. पोरीला लेस लावायला बसवायचा विषय मात्र परत निघाला नाही. ती आता दुसऱ्या वर्षाला आहे, आणि खिडकीखालून जाताना इतक्या मोठ्यानं हाक मारते की छगनलाही ऐकू येते.

यंदाच्या पेपरात गुजराती आणि मराठी शब्द शेजारी शेजारी छापलेत. पहिल्या आठवड्यात घेतला, सहामाहीनंतर परत घेतला. आमची पोरं आणि गुजराती पोरं सुरुवातीलाच सारखी निघाली. शेवटी दोघंही वाढली, थोडीशी, पण वाढली. म्हाताऱ्या ट्रस्टींनी विचारलं, बस, एवढंच? हा म्हणाला, एवढंच, पण हे आहे. विषय राहिला. करारही आणखी एका वर्षाचा झाला. काढून घेतलेला वर्ग काही परत मिळाला नाही.

एवढं झाल्यावर माणसानं स्वस्थ बसावं की नाही? पण याचा आता कुठल्याच प्रश्नातल्या शब्दांवर विश्वास बसत नाही. दर रविवारी नवे प्रश्न घेऊन आमच्या ओट्यावर येतो. मी, वहिनी, शेजारच्या धुरपदाबाई, आम्हाला एकेक वाचून दाखवतो. उत्तर सांगायचं नाही, अशी ताकीद आहे. ऐकून काय समजलं तेवढंच सांगायचं. या कामाचा पगार म्हणून आम्ही खमण घेतो.

परवा वाचला, की गरम वस्तू थंड वस्तूला उष्मा देते, ती कुठपर्यंत?

वहिनी म्हणाली, "उष्मा? ती पटेलनी व्हऊ? तिले कोन दी ऱ्हायनं?"

धुरपदाबाई म्हणाल्या, अगं तिचं लग्न होऊन दोन वर्षं झाली, आता कोण देतंय तिला. मग त्या पटेलांच्या सुनेचं माहेर निघालं, सासू निघाली, तिचा नवसारीचा दीर निघाला. योगेंद्रनं खिशातून पेन काढलं आणि आमचं संपायची वाट बघत बसला.